तपासणीचा खाडा

"आपल्या बायकांना कळतच नाही. तपासणीला जा म्हटलं तर जात नाहीत." गरोदर बाईची तब्येत बिघडली की पुण्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. बाई कोंढव्यातली आणि बुरख्यातली असली, तर त्याला एक शेपूट जोडलं जातं, "त्यांच्यात तसंच असतं." मला या वाक्याचा राग येतो, कारण ते खोटं आहे.

आमच्या गल्लीतली एक मुलगी शिवणकामाच्या कारखान्यात रोजावर जाते. सहावा महिना चालू आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख तिने दोनदा चुकवली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "केसपेपरची रांग, मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. एक वाजतो. एक वाजता कामावर कोण घेतंय? पूर्ण दिवसाचा खाडा पडतो." तिला सगळं कळत होतं. हिशेबही कळत होता.

"पण कायदा आहे ना?" आहे. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा. २०१७ च्या दुरुस्तीने, दोनपेक्षा कमी मुलं असलेल्या बाईची पगारी रजा त्यात २६ आठवड्यांची झाली. याच तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. मात्र या २६ पैकी बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८ आठवडेच घेता येतात.

आता तपासण्यांचं वेळापत्रक पाहा. सरकार किमान ४ सांगतं. पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून ८ सांगते. म्हणजे बहुतेक तपासण्या बाई कामावर असतानाच येतात. त्या सकाळींसाठी कायद्यात स्वतंत्र पगारी सुट्टी नाही. गरोदरपणामुळे आजारी पडलीस तर एक महिना जास्तीची रजा आहे. आजारी पडू नयेस म्हणून अर्धा दिवसही नाही. वाढलेला रक्तदाब, साखर, अंगात कमी झालेलं रक्त, या गोष्टी अनेकदा तपासल्याशिवाय कळत नाहीत. मग तपासणी चुकवायला लावून आजाराची रजा देणं याला शहाणपण म्हणायचं का?

सरकारचा दुटप्पीपणा तर बघण्यासारखा आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. चांगली योजना आहे. मातृवंदना योजनेचा पहिला हप्ता हवा असेल तर निदान एक तपासणी झालेली असावी लागते. हेही ठीक. पण ९ तारीख सोमवारी आली तर बाईने कामावरून सुटायचं कसं? तपासणीची अट घालणाऱ्यांनी मालकाला मात्र कसलीच अट घातलेली नाही.

हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींत खाडा शब्द कुणी वापरत नाही, पण तिथेही बाईच्याच खिशातून जातं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. त्या तपासण्यांत संपल्या, की घरात कुणी आजारी पडलं तर पगार कापून घ्यायचा.

"एवढ्या सवलती दिल्या तर बायकांना नोकरीच कोण देईल?" हा प्रश्न जुना आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती रजेचं विधेयक आलं, तेव्हाही खर्चाचीच ओरड होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. ब्रिटनमध्ये १९८० पासून गरोदर कामगार बाईला तपासणीसाठी पगारी वेळ मिळतो. तिथले कारखाने काही त्यामुळे बंद पडले नाहीत. मागणी किती आहे? ८ तपासण्यांचे ८ अर्धे दिवस. म्हणजे एका बाळंतपणामागे ४ दिवसांचा पगार. मालकाला तोही जड वाटत असेल तर सरकारने द्यावा. पण बाईने तो का भरावा?

आता आपल्याविषयी. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानापर्यंत हा कायदा पोचत नाही. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईपर्यंतही पोचत नाही. तिथे मालक आपणच असतो. कोथरूड असो की कोंढवा, महिनाअखेरीस तिचे खाडे मोजणारे हात आपलेच असतात. तेच आपण संध्याकाळी चहा पिताना म्हणतो, "या बायकांना कळतच नाही."

कायदा बदलायला वर्षं लागतील, आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण घरातली वही आजच बदलता येते. तपासणीच्या दिवशी ती आली नाही, तर तिथे खाडा लिहू नका.