किरकोळीत ‘गयाराम’, घाऊकात ‘चाणक्य’

एमपीएससी-यूपीएससीची तयारी केलेल्या प्रत्येकाला राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीचे पान आठवत असेल. 52 वी घटनादुरुस्ती, 1985, पक्षांतरबंदी. त्याच पानावर बहुतेक नोट्समध्ये एक ओळ असते : 1967 मध्ये हरियाणाच्या एका आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द रूढ झाला. क्लासमध्ये इथे हशा पिकतो आणि मास्तर पुढच्या मुद्द्याकडे वळतात. तो आमदार राखीव जागेवरून निवडून आलेला दलित होता, हे कुणी सांगत नाही. पक्ष बदलण्याची ही धांदल नेमकी कुणाच्या भांडणातून उद्भवली, हेही नाही.

फरीदाबादहून मथुरा रोड धरून दक्षिणेला निघाले की बल्लभगढ लागते, मग पलवल, मग होडल. आज हा भाग पलवल जिल्ह्यात आहे. 2008 पर्यंत तो फरीदाबाद जिल्ह्यातच होता आणि 1967 मध्ये गुडगाव जिल्ह्यात. याच पट्ट्यात हसनपूर नावाचा राखीव मतदारसंघ होता. तिथून गया लाल अपक्ष म्हणून निवडून आले. कुठल्या पक्षाचे तिकीट नाही, मागे घराणे नाही, तरी एक दलित माणूस आमदार झाला, ही बातमी खरे तर तिथेच होती.

हरियाणा राज्य 1 नोव्हेंबर 1966 ला झाले. फेब्रुवारी 1967 च्या पहिल्या निवडणुकीत 81 पैकी 48 जागा काँग्रेसला मिळाल्या. (दोन जागा रिपब्लिकन पक्षाच्याही होत्या. आपल्याकडे रिपब्लिकन पक्षाचा इतिहास नागपूर-मुंबईच्या पलीकडे फारसा कुणी सांगत नाही, म्हणून नोंद करून ठेवतो.) 48 म्हणजे स्पष्ट बहुमत. तरीही मार्च संपायच्या आत सरकार पडले. ते विरोधकांनी पाडले नाही. सत्ताधारी पक्षातच नेता कोण यावर एकमत नव्हते. मुख्यमंत्री भगवत दयाळ शर्मा ब्राह्मण. त्यांच्या विरोधात रेवाडीच्या अहीर राजघराण्यातले राव बिरेंदर सिंह, आणि पडद्यामागे जाट जमीनदार देवीलाल. काँग्रेसचे डझनभर आमदार फुटले, अधिकृत उमेदवाराला पाडून राव बिरेंदर सिंह सभापती झाले आणि आठवड्याभरात, 24 मार्चला, मुख्यमंत्री.

त्यानंतरचे महिने दोन्ही बाजूंनी डोकी मोजण्यात गेले. बहुमत इतके काठावर की एकेक आमदार हवाच. या मोजणीत गया लाल सापडले. काँग्रेसमधून संयुक्त आघाडीत, परत काँग्रेसमध्ये आणि नऊ तासांच्या आत पुन्हा आघाडीत. राव बिरेंदर सिंहांनी त्यांना चंदीगडला पत्रकारांपुढे उभे केले आणि ‘गया राम’ आता ‘आया राम’ झाले, असे जाहीर केले. माणसाचे नाव गया लाल. ते ‘गया राम’ झाले ते एका राजघराण्यातल्या मुख्यमंत्र्याच्या विनोदात, आणि त्याच नावाने ते देशाला कळले. स्वतः काँग्रेस फोडून मुख्यमंत्री झालेल्या माणसाने एका दलित आमदाराला पक्षांतराचा पुतळा करून ठेवावे, यातली गंमत तेव्हाच्या वार्ताहरांना दिसली नसावी.

गया लाल यांचे वागणे बरोबर होते, असे मी म्हणत नाही. ज्यांनी मते दिली त्यांचा हा विश्वासघातच. पण या गुन्ह्याची टोळी केवढी होती, ते एका मराठी माणसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीनेच मोजून ठेवले आहे. केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील पक्षांतरविषयक समितीने दाखवले की राज्यांमधल्या 210 पक्षांतरित आमदारांपैकी 116 जण त्यांच्याच फुटण्याने उभ्या राहिलेल्या सरकारांत मंत्री झाले. निम्म्याहून जास्त. त्या 116 मधल्या एकाच्याही नावाचा वाक्प्रचार झाला नाही.

आता 2019 च्या ब्रिटनकडे पाहा. ब्रेक्झिटवर संसद अडून बसली होती. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार तीनदा फेटाळला गेला, 24 मे रोजी त्यांनी पायउतार होण्याची घोषणा केली आणि सत्ताधारी हुजूर पक्षात नेतेपदाची लढत सुरू झाली. आधी खासदारांनी फेऱ्या घेऊन दोघे उरवले, मग वर्गणी भरणाऱ्या सदस्यांनी टपालाने मते दिली. 23 जुलैला निकाल लागला : बोरिस जॉन्सन 92,153, जेरेमी हंट 46,656. मतदानाचा हक्क होता सुमारे 1 लाख 59 हजार सदस्यांना, आणि देशाचे मतदार साडेचार कोटींच्या वर. हे सदस्य बहुतांशी गोरे, वयस्क आणि खाऊनपिऊन सुखी. म्हणजे ‘लोकशाहीची जननी’ म्हणवणाऱ्या देशातही पंतप्रधान निवडणारा उंबरठा फार अरुंदच. पण तिथे निदान आकडा जाहीर झाला. आपल्याकडे विधिमंडळ पक्षाची बैठक एका ओळीचा ठराव करते : निर्णय श्रेष्ठींवर सोपवला आहे. मार्च 2024 मध्ये हरियाणात मनोहर लाल खट्टर गेले आणि नायब सिंह सैनी आले, ते एका दिवसात. किती मते कुणाला, हा प्रश्नच कुणी विचारला नाही.

मला त्या ब्रिटिश प्रसंगातले दुसरे एक दृश्य महत्त्वाचे वाटते. 3 सप्टेंबर 2019 ला जॉन्सन सभागृहात बोलत असताना त्यांच्याच पक्षाचे खासदार फिलिप ली उठले आणि चालत जाऊन समोरच्या बाकांवर लिबरल डेमोक्रॅट्समध्ये बसले. सरकारचे बहुमत तिथल्या तिथे गेले. त्याच रात्री पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या 21 खासदारांना जॉन्सननी पक्षाबाहेर काढले. ली यांची खासदारकी गेली नाही, कारण तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही. डिसेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना पाडले, हिशेब तिथे झाला. सगळ्यांनीच त्यांचे कौतुक केले असे नाही, पण त्यांच्या कृतीची चर्चा सदसद्विवेकाच्या भाषेत झाली. डॉक्टर, गोरा, दक्षिण इंग्लंडचा खासदार बाजू बदलतो तेव्हा त्याला विवेक असू शकतो, हे आधीच गृहीत असते. हसनपूरच्या राखीव जागेवरच्या माणसाला फक्त किंमत असते, असेही आधीच गृहीत असते.

विनोद खालच्यावर होतो, तशीच स्तुती वरच्याची होते. जून 1979 मध्ये हरियाणात सत्ताधारी जनता पक्षाच्या नेतेपदावरून देवीलालांना हटवून भजनलाल मुख्यमंत्री झाले. सहा महिन्यांनी इंदिरा गांधी दिल्लीत परतल्या, तेव्हा त्यांनी जवळजवळ अख्खे सरकार उचलून काँग्रेसमध्ये नेले. खुर्ची तीच, मंत्री तेच, पक्ष दुसरा. त्यांना टोमणे खावे लागले, पण राज्य त्यांनीच केले. गया लालना वाक्प्रचार मिळाला.

कायद्यानेही हीच चाल उचलली. दहाव्या अनुसूचीनुसार निवडणुकीनंतर अपक्ष एखाद्या पक्षात गेला की अपात्र. एकटा आमदार फुटला की अपात्र. पण सुरुवातीला एक तृतीयांश जण फुटले तर ती ‘फूट’ म्हणून मान्य होती. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली, दोन तृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’ची ठेवली. 1967 मध्ये कायदा असता तर राव साहेबांनी आणखी चारेक जण जमवले असते, इतकाच फरक. गया लाल मात्र पहिल्याच दिवशी घरी गेले असते. किरकोळ विक्रीला बंदी, घाऊकीला परवाना.

घाऊक व्यापार महाराष्ट्राने जून 2022 मध्ये पाहिला आणि जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनी कुठल्याही गटाच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही, हेही पाहिले. ‘खोके’ची घोषणा रस्त्यावर झाली खरी. पण मराठी वृत्तवाहिन्यांनी पक्ष फोडणाऱ्या मेंदूला शब्द वापरला तो ‘चाणक्य’. फोडणारा चाणक्य, फुटणारा गयाराम. एक नाव ब्राह्मणाचे, एक दलिताचे. या शब्दांची वाटणी कुणी बसून केली नसेल, पण ती कुठल्या सवयीतून झाली हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

बाबासाहेबांनी पुणे करारानंतर वारंवार बजावले होते की संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागेवर इतरांच्या मतांनी निवडून येणारा आपला माणूस इतरांच्या मुठीत राहतो. कांशीरामजींनी 1982 मध्ये ‘चमचायुग’ लिहिले ते याच प्रश्नावर. नेतेपदाच्या प्रत्येक लढाईत राखीव जागांचे आमदार मोजले जातात. लढणाऱ्यांच्या यादीत ते क्वचितच असतात. 2004 मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना आघाडीने निवडणूक जिंकली आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख झाले, ही आपल्या घरची गोष्ट.

हरियाणात 2011 च्या जनगणनेनुसार वीस टक्के अनुसूचित जाती आहेत, 90 पैकी 17 जागा राखीव आहेत, आणि आजपर्यंत एकही दलित मुख्यमंत्री झालेला नाही. काँग्रेसने प्रदेशाध्यक्षपद मात्र वर्षानुवर्षे दलितांना दिले : फूलचंद मुलाना, अशोक तंवर, कुमारी सेलजा, आणि 2022 मध्ये उदय भान. उदय भान हे गया लाल यांचे चिरंजीव. तिकिटांवर आणि विधिमंडळ पक्षावर पकड भूपिंदर सिंह हुड्डांची. 2024 च्या प्रचारात सेलजा कित्येक दिवस दिसल्या नाहीत, काँग्रेस 37 वर थांबली आणि उदय भान स्वतः होडलमधून हरले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये प्रदेशाध्यक्षपद त्यांच्याकडून काढून राव नरेंद्र सिंहांना दिले गेले. त्याच दिवशी विधिमंडळ नेतेपद पुन्हा हुड्डांकडे आले.