क्लाउडची झोनबंदी

मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, यात आता कुणालाच थ्रिल वाटत नाही. पण २० जानेवारी २०११ च्या आधीचे दिवस आठवा बॉस! रेंज नाही, बिल अवाच्या सवा, कस्टमर केअरवर तेच ते गाणं. तरीही सिम तेच. कारण नंबर बँकेत दिलेला, ऑफिसात दिलेला, झालंच तर लग्नाच्या बायोडेटावर छापलेला. त्या तारखेला नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली आणि कंपन्या एकदम गोड बोलायला लागल्या.

क्लाउडच्या बाबतीत आपण मात्र अजून २०१० मध्येच आहोत. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा... कुठेही बघा. आपण एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर ॲप चढवतो, आणि ‘हे उद्या दुसरीकडे हलवायचं झालं तर?’ हा प्रश्न काही स्प्रिंटच्या बोर्डावर येत नाही. डेडलाइन असते ना राव!

आता म्हणाल, वीकेंडच्या तोंडावर हा ड्राय विषय कशाला? तर चला बारामतीला.

तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने आणि कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने ऊसशेतीत एआय आणलं, हे तुम्ही वाचलं असेलच. जमिनीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वरून उपग्रहाची चित्रं. हे सगळं क्लाउडवर जातं आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर निरोप येतो, पाणी कधी द्यायचं, खत कुठे टाकायचं. २०२५ च्या सुरुवातीला खुद्द सत्या नाडेलांनी याचा व्हिडिओ टाकला, त्यावर इलॉन मस्कची कमेंट आली. बारामती एकदम ग्लोबल!

माझं आजोळ शेजारच्या इंदापूर तालुक्यात. मामांनी हे सगळं ऐकलंय, आणि असाच एक सेन्सर, दुसऱ्या एका छोट्या कंपनीचा, घ्यायचं त्यांच्या मनात आहे. परवा फोनवर म्हणाले, “अरे, समज चार वर्षांनी ती कंपनी नको झाली, तर माझ्या रानाची माहिती मला माघारी मिळंल का? का तिथंबी झोनबंदीच?”

झोनबंदी! ज्यांचा उसाशी संबंध फक्त रसवंतीपुरता आहे, त्यांच्यासाठी सांगतो. १९८४ च्या सरकारी आदेशाने महाराष्ट्रात प्रत्येक साखर कारखान्याला हद्द आखून दिली होती. तुमचं रान ज्या हद्दीत, ऊस त्याच कारखान्याला. शेजारचा कारखाना टनाला जास्त भाव देत असला तरी नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने याविरुद्ध रान उठवलं आणि १९९० च्या दशकात ही बंदी उठली. आज बारामती-इंदापूर पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे कारखाने आहेत, आणि ऊस कुठे घालायचा याचा हिशेब शेतकरी मांडू शकतो. शेवटी ऊस तो ऊस. कुठल्याही गव्हाणीत पडला तरी रसच निघणार. क्लाउडवरच्या ॲपचं तसं नसतं, म्हणून मामांचा प्रश्न डोक्यात घोळत राहिला.

आणि चार वर्षं हा आकडा मामांनी उगाच काढलेला नाही बरं का. मायक्रोसॉफ्टनेच २०१९ मध्ये ‘ॲझ्युर फार्मबीट्स’ नावाची शेतीसेवा आणली, २०२३ मध्ये ती बंद केली आणि तिच्या जागी वेगळ्या नावाची दुसरी आणली. यात लबाडी काही नाही, सॉफ्टवेअरचा धंदाच तसा. पण आडसाली ऊस एकदा लावला की १६ ते १८ महिने रानात उभा, त्यानंतर खोडवा. म्हणजे एका सेवेच्या आयुष्यात उसाची जेमतेम दोन-तीन पिकं!

मग यावर फंडा काय? ओपन स्टँडर्ड्स. म्हणजे कुणा एका कंपनीच्या खिशात नसलेले, कुणालाही वाचता-वापरता येणारे नियम. रानाची हद्द जिओजेसनमध्ये ठेवा. त्याचा नियम २०१६ पासून जाहीर आहे आणि नकाशाचं कुठलंही बरं सॉफ्टवेअर तो वाचतं. सेन्सरच्या नोंदींसाठी ओपन जिओस्पेशिअल कन्सॉर्शियमचं ‘सेन्सरथिंग्ज’ आहे. ॲप कंटेनरमध्ये बांधा, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका पेटीत. या पेटीचं माप ठरवायला २०१५ मध्ये ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ सुरू झालं आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या कंपन्या तिथे एका पंगतीला बसल्या. अशा शेकडो पेट्या सांभाळायला कुबरनेटिस, गूगलने २०१४ मध्ये खुलं केलेलं. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम असतो ना, अगदी तसं! कुणाला कुठल्या फडात लावायचं, एखादा आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा कसा उभा करायचा, सगळं तो बघतो. आणि हा मुकादम ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघांच्याही फडात काम करतो.

म्हणजे सगळं सही? छे. पेटी हलते, पण लॉगिन, मेसेजची रांग, त्या कंपनीचा खास डेटाबेस, एका क्लिकवर मिळणारं एआय मॉडेल... पाय अडकतो तो तिथे. आख्ख्या ॲप्लिकेशनची मांडणीच एका सामाईक भाषेत लिहिता यावी म्हणून ओएसिस या संस्थेने २०१३ मध्ये ‘टोस्का’ हे स्टँडर्ड काढलं. कागदावर झकास! टेलिकॉमवाल्यांनी ते थोडंफार मनावर घेतलं, बाकीच्यांनी फारसं नाही. शिवाय सगळंच पोर्टेबल हवं म्हणून तयार सेवा टाळत बसलात तर छोट्या टीमचा जीव जातो. माझं मत विचाराल तर डेटाबाबत हट्ट धरा, ॲपबाबत प्रयत्न करा आणि मॉडेलवर जीव जाळू नका. मॉडेल उद्या यापेक्षा भारी येईल. गेल्या पावसाळ्यातली मातीची ओल पुन्हा मोजता येत नाही.

बड्या कंपन्यांनीही थोडं सैल सोडलंय. क्लाउड सोडून जाणाऱ्या ग्राहकाला डेटा बाहेर नेण्याचं शुल्क वरच्या तिघांनीही २०२४ मध्ये माफ केलं. युरोपचा डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात तर क्लाउड बदलू देणं ही कंपनीचीच जबाबदारी. आपल्याकडे? वैयक्तिक डेटाच्या २०१९ च्या विधेयकात पोर्टेबिलिटीचा हक्क होता, २०२३ च्या कायद्यात तो गळाला. म्हणजे मामांना जे हवंय ते करारातच लिहून घ्यावं लागणार.

मी त्यांना तीन ओळी व्हॉट्सॲप केल्या. माझ्या सगळ्या नोंदी तारीखवार कुठल्या फॉरमॅटमध्ये मिळतील? मागितल्यावर किती दिवसांत? आणि त्याचे पैसे किती? मामांनी त्या जशाच्या तशा सेन्सर विकायला आलेल्या पोराला वाचून दाखवल्या. पोरगं म्हणालं, “काका, हे अजून कुणी विचारलंच नव्हतं. साहेबांना विचारून सांगतो.”

मामा वाट बघताहेत. लागणीला अजून वेळ आहे.