सोळा दिवसांतील दोन बातम्या : एक कायदा आणि एक संत

२०२५ साली अवघ्या सोळा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २२ ऑगस्ट रोजी पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या विधेयकाला राष्ट्रपतींनी संमती दिली. ७ सप्टेंबर रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोम येथे कार्लो अकुतिस या पंधराव्या वर्षी निधन पावलेल्या मुलाला संतपद बहाल केले. एका बातमीत मोबाईलवरील खेळ आरोपीच्या पिंजऱ्यात होता, तर दुसऱ्या बातमीतील संताच्या घरी चक्क प्लेस्टेशन होते! या दोन्ही बातम्या आपण वाचल्या त्या अर्थातच मोबाईलवर. त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर आपल्या घरातील एका अवघड प्रश्नावर थोडा प्रकाश पडेल असे वाटते.

प्रथम कायद्याकडे वळू. या कायद्याने ऑनलाइन खेळांचे तीन गट केले आहेत : स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे व शैक्षणिक खेळ, आणि पैशांचे खेळ. पहिल्या दोहोंना प्रोत्साहन आहे, तिसऱ्याला बंदी. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास व पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणारा मात्र गुन्हेगार नाही, तो पीडित आहे अशी कायद्याची भूमिका आहे. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली असून त्यांचे वीस हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले, असा सरकारचाच अंदाज आहे.

मग इतकी वर्षे हे चालले कसे? याचे उत्तर एका जुन्या शब्दात आहे : कौशल्य. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. तो खटला एका क्लबात पत्ते खेळणाऱ्या सभासदांचा होता. तेथे टेबलाभोवती चार ओळखीची माणसे असत, चहा संपला की डावही संपे आणि घरी जायला उशीर झाला तर जाब विचारणारे कोणीतरी असे. तोच निवाडा पुढे कोट्यवधी लोकांच्या खिशातील, रात्री दोन वाजताही न मिटणाऱ्या क्लबाला ढाल म्हणून वापरला गेला. येथे समोरचा भिडू अनोळखी आणि पैसे भरणे हे चार आकडी पिन दाबण्याइतके सोपे. डाव कोणीही जिंको, कंपनीचा वाटा आधीच कापून घेतलेला असतो. या खेळात खरे कौशल्य कोणाचे होते, हे आता वेगळे सांगायला नको.

शासन तरी कोठे अलिप्त होते? १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने जमा केलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी वसूल केला जात होता. त्याच वर्षापासून अशाच एका कंपनीचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकत होते. जाहिरातीच्या शेवटी आर्थिक जोखमीचा व व्यसनाचा इशाराही दिला जाई, पण तो इतक्या वेगाने की, निष्णात वाचकानेही हात टेकावेत. जुलै २०२५ मध्ये तर राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांचा विधिमंडळाच्या सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, अचानक आलेली जाहिरात बंद करीत होतो, असा खुलासा त्यांनी केला. त्यानंतर त्यांचे कृषी खाते काढून घेण्यात आले आणि त्यांच्याकडे क्रीडा खाते सोपविण्यात आले! यावर भाष्य करण्याची गरज नाही.

या विषयावर ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? पत्त्यांचे खेळ किंवा पैजा या मुळातच अन्यायकारक नाहीत, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. परंतु माणसाच्या स्वतःच्या व इतरांच्या गरजेचे धन ज्यामुळे हिरावले जाते तो खेळ नैतिकदृष्ट्या अमान्य ठरतो, आणि जुगाराची आसक्ती गुलामगिरीत नेऊ शकते असा इशाराही तो देतो. हे वाचताना आपल्याला धर्मग्रामाच्या सणातील हाऊजी आणि लकी ड्रॉ आठवल्यावाचून राहणार नाही. ‘फादर, मग आपली हाऊजी चालते का?’ असा प्रश्न एखादा चलाख तरुण विचारीलच. त्याला रागे न भरता उत्तर द्यावे. हाऊजीचे तिकीट सर्वांदेखत काढले जाते, तासाभरात खेळ संपतो आणि जमलेला निधी कोठे गेला हे विचारता येते. मोबाईलवरील जुगारात यांपैकी काहीच नसते. तरीही आपल्या बक्षिसांची रक्कम दरवर्षी का फुगत चालली आहे, हा प्रश्न त्या तरुणाने विचारला, तर मात्र थोडे खाली पाहावे लागेल.

खरा प्रश्न त्या गुप्ततेचाच आहे. पूर्वी दारू पिणारा माणूस घरी आला की सर्वांना कळत असे. मोबाईलवर हरणारा मुलगा शेजारच्या खोलीत अभ्यास करीत असल्यासारखा दिसतो. घराला कळते ते कर्जवसुलीचा पहिला फोन आल्यावर, किंवा आईची सोनसाखळी कपाटात सापडत नाही तेव्हा. कायद्याने ॲप बंद केले तरी हे कर्ज फिटत नाही. शिवाय परदेशातून चालणारी ॲप्स आडमार्गाने येतच राहतात, आणि मुलांच्या निरुपद्रवी म्हणविल्या जाणाऱ्या खेळांतही शस्त्रे व पोशाख विकत घेण्याची सोय असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने खेळांच्या अनिवार आसक्तीला २०१९ साली विकारांच्या यादीत स्थान दिले, तेव्हा त्यात पैसे लावणे ही अट नव्हती.

आपण पालकही या प्रकरणात पूर्ण निर्दोष नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलमध्ये शिरली आणि आपणच उसनवार करून मुलांच्या हाती तो दिला. शाळा इमारतीत परतली, मोबाईल मात्र मुलाच्या हातीच राहिला. आज गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो आणि ‘मोबाईल खाली ठेव’ हा उपदेश, बाबांची नजर स्वतःच्या मोबाईलवरून न हलता, सोफ्यावरून येतो. संध्याकाळच्या रोझरीच्या वेळी पाच फोन टेबलावर उपडे ठेवलेले असतात. चौथ्या रहस्याच्या सुमारास त्यांतील एक थरथरतो आणि सर्वांत आधी हात पुढे जातो तो थोरल्यांचाच!

येथेच संत कार्लो आपल्याला भेटतो. १९९१ साली लंडनमध्ये जन्मलेला आणि मिलानमध्ये वाढलेला हा मुलगा १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने मरण पावला. त्याला संगणकाची उत्तम जाण होती. ख्रिस्तशरीरासंबंधीच्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने ती संकेतस्थळावर मांडली. प्लेस्टेशनही तो आवडीने खेळे, पण त्यासाठी त्याने स्वतःला आठवड्यातून एकच तास ठरवून दिला होता. ही मर्यादा कोणत्याही संसदेने घातली नव्हती. दररोज मिस्साला जाणाऱ्या त्या मुलाला त्या तासाहून अधिक आनंदाचे काहीतरी सापडले होते, म्हणूनच त्याला ती पाळता आली. केवळ मोबाईल काढून घेतल्याने मुलाचा हात रिकामा होतो. त्या हातात काय द्यायचे, हे मात्र कायदा सांगत नाही.

वसईत १९१८ साली आपल्या पूर्वजांनी कॅथलिक सहकारी पतसंस्था उभारली, जी आज बॅसीन कॅथलिक बँक म्हणून ओळखली जाते. गरीब शेतकऱ्याची सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी, ही त्यामागील तळमळ होती. आजचा सावकार ओटीवर बसत नाही, तो उशाशी चार्ज होत असतो. म्हणून आपल्या धर्मग्रामांतही अशी एखादी जागा हवी, जेथे हरलेला तरुण अपमानाची भीती न बाळगता आपले कर्ज सांगू शकेल आणि ते हप्त्याहप्त्याने फेडण्यासाठी त्याला कोणीतरी हिशेब मांडून देईल. संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे कार्यकर्ते, युवक संघटना आणि बँकेतून निवृत्त झालेले आपले प्रापंचिक बंधुभगिनी हे काम सहज करू शकतील.

क्रुसाच्या पायथ्याशी सैनिकांनी प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. वर कोण मरत आहे, याकडे त्यांचे लक्ष नव्हते. शेजारच्या खोलीत कोण एकटे हरत आहे, याकडे आपले लक्ष आहे काय? आज रात्री जेवणाच्या वेळी आधी आपला फोन दूर ठेवून, रागावण्यापूर्वी एकदा मुलाला विचारून पाहू या.