न दिसणाऱ्या घडाचा पंचनामा कोण करणार?



द्राक्षाचा घड मांडवाला लोंबू लागला म्हणजे सगळ्यांना दिसतो. व्यापाऱ्याला दिसतो, कर्जवसुलीला येणाऱ्या साहेबाला दिसतो, नारायणगावावरून मोटारीने जाणाऱ्या पुढाऱ्यालाही दिसतो. पण हा घड तयार होतो कितीतरी महिने आधी, काडीवरच्या डोळ्यात. तिथे तो कोणालाच दिसत नाही. आणि जे सरकारला दिसत नाही, त्याचे नुकसान सरकारदरबारी झालेलेच नसते. आमचे भांडण नेमके इथे आहे.

जुन्नरच्या बागायतदाराला हे शिकवण्याची गरज नाही. आंबेगावच्या कांदा, बटाटा, टोमॅटोवाल्या भावांसाठी थोडे उलगडून सांगतो. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात नव्या काडीच्या डोळ्यात एक बारीकसा कोंब धरतो. या कोंबाचे पुढे दोनच होऊ शकते, घड किंवा बाळी. डोळ्यावर स्वच्छ ऊन पडले, काडीत अन्नसाठा झाला, वाढ आवरली तर घड. ढगाळ हवा, मुळाशी पाणी, नत्र जास्त होऊन शेंडा पळत राहिला तर बाळी. ऑक्टोबरात आपण कात्री चालवतो तेव्हा निकाल केव्हाच लागलेला असतो.

२०२५ सालचा मे महिना आठवा. मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या तारखेच्या १६ दिवस आधी. त्याच्याही आधीपासून वळवाच्या पावसाने मे महिना धुऊन काढला होता. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेल्या बागांचे घड ठरायचे दिवस ते हेच. पुढे फळछाटणीनंतर राज्यातल्या अनेक बागांत फुटी जोमाने निघाल्या, पण घड मोजके. कुकडी आणि घोडच्या पाण्याने आमच्या बागा उभ्या केल्या हे खरे, पण धरणातून ऊन सोडता येत नाही.

डोळ्यात घड धरला तरी सुटका नाही. फळछाटणीनंतर पोंगा फुटताना पाऊस लागून राहिला की कोवळा घड जागीच जिरतो, नाहीतर गोळी होऊन बसतो. त्यातून वाचला तर दोडा आणि फुलोऱ्यात डाऊनी टपलेला असतो. या रोगाचे बीज पाण्याच्या थेंबात पोहत जाते आणि पानाच्या, कोवळ्या घडाच्या बारीक छिद्रांतून आत शिरते. पान गेले तर दुसरे येते. फुलोरा गेला तर त्या वर्षी दुसरा येत नाही. म्हणून पाऊस उघडताच, रात्री-बेरात्री, चिखलात ट्रॅक्टर घालून आपण फवारतो. १८८५ साली फ्रान्समध्ये मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण याच रोगावर निघाले. आज औषधांची यादी लांबली, बिलही लांबले, पण फुलोऱ्यातला पाऊस आजही तितकाच जीवघेणा आहे.

आता हिशेब बघा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात द्राक्षाच्या अवेळी पावसाचा धोका मोजला जात आला तो ऑक्टोबरच्या मध्यापासून. मग मे-जूनच्या ढगांनी डोळ्यातच मारलेला घड कोणाच्या खात्यावर? २०१५ पासून सरकारी मदतीची अट ३३ टक्के नुकसानीची आहे. तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतात, तडकलेले मणी मोजतात. १ आणि २ डिसेंबर २०२१ च्या अवकाळीत जुन्नरच्या बागांत असे मणी तडकले, तेव्हा दाखवायला काहीतरी होते. पण जो घड आलाच नाही तो दाखवायचा कसा? हिरवागार मांडव पाहून साहेब म्हणतात, बाग तर झकास आहे!

घड धरावा म्हणून आम्ही वाढ रोखणारे सीसीसी वापरले. २०१० साली त्याच औषधाच्या अंशावरून युरोपने महाराष्ट्राची द्राक्षे अडवली. निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत ते औषध तेव्हा नव्हतेच. यादी करणाऱ्यांची चूक, नुकसान मात्र बागायतदाराचे.

टोमॅटोवाल्यांनी हे द्राक्षवाल्यांचे रडगाणे समजू नये. मे २०२० मध्ये फळावर पिवळे-लाल पट्टे पडून तुमचे तोडे मातीमोल झाले. बेंगळुरूच्या संस्थेत नमुने तपासले तेव्हा मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. निदान होईपर्यंत प्लॉट संपले होते. रोग वेगळा, दुखणे एकच. नुकसान आधी होते आणि पुरावा मागून येतो.

आमची मागणी भिकेची नाही, मोजमापाची आहे. फळछाटणीपूर्वी काडीचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घड आहे की नाही हे सांगता येते. बागायतदार पदरचे पैसे देऊन ही तपासणी करून घेतातच. हाच अहवाल पंचनाम्यात आणि विम्यात पुरावा म्हणून धरा. घडनिर्मितीच्या दिवसांतला पाऊस आणि ढगाळ हवा विम्याच्या धोक्यात घ्या. जिथे घड निघाले नाहीत तिथे पीककर्जाचे पुनर्गठन करा.

आणि एक काम आपले. खरड छाटणीची तारीख, पावसाचे दिवस, काडी तपासणीचा निकाल, प्रत्येक वेलीवरचे घड, हे वहीत लिहा. नुसत्या तोंडी तक्रारीची कचेरीत किंमत होत नाही. जिल्हा बैठकीला येताना ती वही घेऊन या. गावोगावच्या वह्या एकत्र करून त्यांच्या आधारे ठराव मांडू आणि तो मोर्चाने जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू.