सरासरीच्या पावसावर गावाचा आराखडा नको

शेतकरी बंधू-भगिनींनो आणि गावकारभाऱ्यांनो, पाऊस सरासरी गाठतो, पण पीक काही हाती लागत नाही, हे आता तुम्हांला नवीन राहिलेलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच साली पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने सोलापूर-धाराशिवकडची शेतं मातीसकट खरवडून नेली. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणारी अतिवृष्टी तिपटीने वाढल्याचं शास्त्रज्ञांनी २०१७ मध्येच दाखवून दिलं होतं.

मग आपले आराखडे कोणत्या पावसावर बेतलेले असतात? मोरीची नळी, बंधाऱ्याचा सांडवा, शेततळ्याचा आकार ठरवताना बहुधा जुनी सरासरीच समोर असते. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. ते आठ दिवसांत आलं तर जमीन पिते, चार तासांत आलं तर बांध फोडून जातं. सरासरी मात्र दोन्ही वेळा तीच!

ऑक्टोबर २०२४ पासून हवामान खातं ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा अंदाज देतं. फवारणी कधी करावी, हे त्यावर ठरवा. पण मोरी तीस वर्षं टिकायला हवी. तिच्यासाठी पुढच्या दशकांत पाऊस आणि ऊन कसं बदलेल, याचं चित्र पाहावं लागतं. राज्यापुरता असा अभ्यास टेरी आणि ब्रिटिश हवामान खात्याने २०१४ मध्ये करून दिला. त्यातले नकाशे आणि आकडे वाचून आपल्या तालुक्याला लावणारी माणसं तयार करणं, हे खरं काम आहे.

कोणी म्हणेल, उद्याचा अंदाज चुकतो, तिथं तीस वर्षांचं कोण सांगणार? अहो, लग्नाला किती माणसं येतील हे तरी कुठं नक्की ठाऊक असतं? तरी कमीत कमी आणि जास्तीत जास्त धरून आपण शिधा काढतोच ना! हे चित्रही तसंच वाचायचं असतं. एका आकड्यावर भिस्त ठेवायची नाही. खंड पडला तरी आणि ढगफुटी झाली तरी उपयोगी पडेल, असं काम निवडायचं.

म्हणून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे अभियंते, कृषी विभागाचे कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी यांना एकत्र बसवून तालुक्यातच प्रशिक्षण द्यावं. हातात आपल्याच महसूल मंडळाच्या पावसाच्या नोंदी असाव्यात, आणि शेवटी एक खरा नाला फिरून सांडवा नव्याने मोजावा. नुसती भाषणं आणि चहापान नको.

येत्या ग्रामसभेत आराखडा वाचला जाईल तेव्हा तुम्ही एवढंच विचारा, "हे काम किती पावसासाठी आखलंय, आणि तो आकडा कोणत्या सालचा?" उत्तर मिळाल्याशिवाय हात वर करू नका. पैसा गावाचा आहे, आणि वाहून जाणारी मातीही गावाचीच आहे.