पण सर, पळायचं कुठं?

२९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, शाळेत भाषण करायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं. विषयही ठरलेला असतो : आपल्या बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शेतकरी आईवडील, सहा किलोमीटरवरची शाळा. पोरगं रोज पायी शाळेला जायचं आणि एक दिवस ऑलिंपिकला पोहोचलं. मुलं टाळ्या वाजवतात. शेवटी मी म्हणतो, "मेहनत करा, तकदीर बदलेल."

मागच्या वेळी आठवीतल्या एका मुलानं हात वर केला. "पर सर, दौडना किधर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्या शाळेच्या अंगणात शिक्षकांच्या मोटारसायकली लावल्या की मुलांना उभं राहायलाच जेमतेम जागा उरते. पोरगा वर्गात सगळ्यात चपळ आहे. शाळा सुटली की गॅरेजवर जातो.

त्या रात्री लक्षात आलं, मी गोष्ट अर्धीच सांगतो. मांडव्याच्या वाटेवरून थेट ऑलिंपिकला उडी मारतो. मधला खरा भाग गाळतो.

तो भाग असा. बारावीनंतर अविनाश सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. २०१५ साली सोबत्यांच्या आग्रहानं तो लष्कराच्या क्रॉस कंट्री शर्यतीत उतरला. पुढे लष्करी प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवलं. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. तेव्हा त्यानं विशी ओलांडली होती. २०१८ साली भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि नंतर स्वतःचेच विक्रम मोडत राहिला. टोकियो ऑलिंपिकमध्ये राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं. सुवर्ण गेलं अवघ्या ०.०५ सेकंदानं! १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जात होता. २०२३ ला हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद, आणि महिनाभरानं त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी. या प्रकारात तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

मेहनत त्याचीच होती, यात शंका नाही. पण त्या मेहनतीला मैदान, पोटभर आहार, प्रशिक्षक आणि महिन्याचा पगार लष्करानं दिला. आपण सहा किलोमीटरचं कौतुक करतो, जणू गरिबीनंच धावपटू घडवला. मग आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांची पोरं तर कधीच जगज्जेती व्हायला हवी होती.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, हेही लिहिलंय. म्हणजे त्या मुलानं काही जास्तीचं मागितलं नव्हतं. कायद्यानं त्याला जे देऊ केलंय, तेच तो विचारत होता.

आता थोडं आपल्या घरात बघू. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निम्म्याहून जास्त जागा पालकांच्या असतात. तिथे आपण पोषण आहाराबद्दल बोलतो, गणवेशाबद्दल बोलतो. मैदानाबद्दल मी एकाही बैठकीत ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही बोललो नाही. "खेलके पेट भरता क्या?" हा आपला ठरलेला सवाल. मुलींचा तर विषयच निघत नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्यासोबत पैगंबर (स.) धावण्याची शर्यत लावायचे, हे आपण सीरतच्या जलशात प्रेमानं ऐकतो. घरी आल्यावर मुलीला म्हणतो, आता मोठी झालीस, पळू नकोस.

म्हणून यंदाच्या बैठकीत दोन प्रश्न लेखी द्यायचे मी ठरवलंय : मैदान कुठे आहे, आणि खेळाचा शिक्षक कधी येणार? तुम्हीही आपल्या मुलांच्या शाळेत विचारा. आणि ते होईपर्यंत, जिथे ईदगाहची किंवा एखाद्या संस्थेची मोकळी जागा आहे, तिथे अदब सांभाळून सकाळी तासभर मुलामुलींना पळू द्यावं, असं मला वाटतं. जबाबदार मंडळींनी निदान विचार तरी करावा.

२९ ऑगस्ट पुन्हा येईल. तो मुलगा तोवर शाळेत टिकला, तर पुन्हा हात वर करेल. तेव्हा त्याला बोट दाखवून एखादी जागा सांगता यावी, भाषण नको.