लघवीचा रिपोर्ट आणि बांधावरचा धोतरा

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे, पण नाक मुरडू नका!

मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याला रेव्ह पार्टीवर छापा पडला. अडीचशेहून अधिक तरुण पकडले गेले, त्यांच्या रक्त-लघवीचे नमुने तपासणीला गेले. अशा बातम्या वाचून एक समज घट्ट झालाय, की लघवी तपासली की सगळं उघड होतं. आता तर तपासणीच्या पट्ट्या घरपोच मिळतात. रिपोर्ट निगेटिव्ह? मग पोरानं काहीच घेतलेलं नाही, विषय संपला!

मला हा समज धोक्याचा वाटतो. आमच्या परभणीकडे तर जास्तच.

पट्टीवर ठरावीक द्रव्यं ओळखणारी प्रतिपिंडं असतात. जेवढं विचारलं तेवढंच ती सांगते. साध्या पट्टीत गांजा, अफूवर्गीय द्रव्यं, कोकेन वगैरे असतात, एलएसडी बहुधा नसतं. एलएसडीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये १०० मायक्रोग्रॅमचे १० हजार डोस! त्यातलं जेमतेम एक टक्का लघवीत जसंच्या तसं उतरतं. म्हणून प्रयोगशाळा शरीरात त्याचं रूपांतर होऊन बनलेलं द्रव्य मास स्पेक्ट्रोमीटरवर शोधते, तेही दोन-चार दिवसांच्या आतच. उलट रोज गांजा ओढणारा सोडल्यानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणजे पॉझिटिव्ह आला म्हणून तो त्या वेळी नशेत होता असंही म्हणता येत नाही.

पण आमच्याकडे भ्रम घडवणारं झाड शोधायला रेव्ह पार्टीला जावं लागत नाही. धोतरा बांधावर, उकिरड्यावर, कुठेही उगवतो. महाशिवरात्रीला त्याचं फळ आपण महादेवाला वाहतो. त्याचं बी दिसतं मिरचीच्या बीसारखं, आणि त्यात अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामाइन ही विषं असतात. ते पोटात गेलं की तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, डोळ्यांच्या बाहुल्या पसरतात, माणूस नसलेल्या गोष्टी बघतो, हवेतले दोरे ओढत बसतो. आणि लघवी? ती तर तुंबते!

साध्या पट्टीत धोतरा नसतोच. रिपोर्ट निगेटिव्ह, पोरगं बडबडतंय, मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "बाहेरचं दिसतंय." निघाले देवऋषाकडे! महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, पण अशा रात्री कायदा कुणाला आठवतो? वेळ मात्र जातो, आणि धोतऱ्यानं जीवही जाऊ शकतो.

जुन्या न्यायवैद्यक पुस्तकांत एक पद्धत असे. रोग्याच्या लघवीचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकायचा. बाहुली पसरली तर धोतऱ्याचा संशय. आज मांजराला त्रास द्यायचं कारण नाही, मास स्पेक्ट्रोमीटर धोतराही ओळखतो. पण काय शोधायचं ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

म्हणून माझं मत साधं आहे. असं काही दिसलं तर पट्टीच्या नादी न लागता तडक दवाखाना गाठा. आसपास पडलेली फळं, बिया, पानं सोबत न्या. काय खाल्लं असेल ते न लाजता सांगा. डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत.

असो. गावाकडच्या नातेवाइकांना एवढं जरूर वाचून दाखवा.